लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण व शासकीय सेवा

शासनाची धोरणे कशी ठरतात, ती अंमलात कशी येतात आणि त्यांवरील खर्चाचे फलित कसे मोजावे, यांचा पदवीनंतर केला जाणारा पद्धतशीर अभ्यास. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, विधी व सांख्यिकी यांचा त्यात संगम होतो. शासकीय सेवेसाठी माणसे तयार करणे हा त्याचा एक प्रमुख उद्देश असला, तरी शिक्षण व नेमणूक यांचा संबंध सर्व देशांत सारखा नाही. भारतात तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुळला आणि १८५५ नंतर तुटला.

ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी नोकर कोवळ्या वयात कारकून म्हणून हिंदुस्थानात येत. हिशेब लिहिण्यापुरते शिकलेल्या या मुलांच्या हाती पुढे महसूल व न्यायदान येई. ही विसंगती ओळखून गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. देशी भाषांबरोबर कायदा, इतिहास इ. विषय शिकविण्याची त्याची योजना संचालकांना खर्चिक वाटली आणि कॉलेज मुख्यतः भाषाशिक्षणापुरते उरले. मराठीला मात्र त्याचा लाभ झाला. तेथील अध्यापक विल्यम कॅरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने रचलेले मराठी व्याकरण (१८०५) या विद्यार्थ्यांच्या गरजेतूनच निर्माण झाले.

संचालकांनी १८०६ मध्ये इंग्लंडमध्ये स्वतःचे कॉलेज काढले. ते १८०९ पासून हेलिबरी येथे होते. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ मॅल्थस तेथे अखेरपर्यंत (१८३४) इतिहास व अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. राज्यकारभारासाठी अर्थशास्त्र आवश्यक आहे, ही कल्पना त्या काळी नवीच होती. परंतु संचालकांच्या शिफारशीवाचून तेथे प्रवेश नसे. शिक्षण चांगले होते. ते कोणास मिळावे, हे वशिल्याने ठरे.

१८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा अधिकार संपुष्टात आणला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने (१८५४) खुल्या स्पर्धापरीक्षेची रूपरेषा आखली. आधी सर्वसाधारण उच्च शिक्षण पारखावे आणि व्यावसायिक शिक्षण निवडीनंतर द्यावे, हे तिचे सूत्र होते. पहिली परीक्षा १८५५ मध्ये लंडनला झाली; १८५८ मध्ये हेलिबरी बंद पडले. समितीच्या आराखड्यात ग्रीक व लॅटिनला प्रत्येकी ७५०, तर संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५ गुण होते. कसोटी वशिल्यापासून मुक्त झाली खरी. पण ती कोणत्या घरच्या मुलांना सोपी जाणार, हे गुणांच्या या वाटणीतच ठरून गेले होते. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये यशस्वी झाले व त्यांनी मुंबई इलाख्यात सेवा केली. १८६९ मध्ये यशस्वी झालेल्या चौघा भारतीयांत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे होते. वयाच्या वादावरून त्यांची व सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची निवड प्रथम रद्द करण्यात आली होती. भारतात ही परीक्षा घेण्यास १९२२ पर्यंत वाट पाहावी लागली.

अमेरिकेत प्रवाह वेगळा होता. राजकीय मर्जीतल्यांना नोकऱ्या वाटण्याच्या प्रथेस १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने आळा बसू लागला. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली सार्वजनिक सेवेचे प्रशिक्षण देणारी शाळा निघाली आणि १९२४ मध्ये सिरॅक्यूस विद्यापीठात मॅक्सवेल स्कूल स्थापन झाले. केंद्रीय सेवेत पदव्युत्तर पदवीधरांना थेट वाट देणारी राष्ट्राध्यक्षीय उमेदवारी योजना १९७७ मध्ये सुरू झाली. ती २०२५ मध्ये एका आदेशाने बंद करण्यात आली.

याच न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात १९१३ पासून भीमराव आंबेडकर अर्थशास्त्र शिकत होते. कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हा त्यांच्या १९१५ मधील एम्.ए.च्या प्रबंधाचा विषय होता; पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी पीएच्.डी. मिळविली. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा त्यांचा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना आणि अल्पावधीतच त्यांना नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. राज्यकारभाराच्या अर्थशास्त्राचे इतके उच्च शिक्षण घेतलेला दुसरा अधिकारी तेव्हा संस्थानात क्वचितच असेल.

स्वातंत्र्यानंतर नागपूर विद्यापीठात १९५० च्या सुमारास लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग निघाला. मॅक्सवेल स्कूलचे अधिष्ठाता पॉल ॲपलबी यांनी १९५३ मध्ये भारतीय प्रशासनाविषयी अहवाल सादर केला. त्यानुसार १९५४ मध्ये दिल्लीस भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. संस्था अमेरिकी सूचनेची, तर भरती मेकॉलेच्या परंपरेची, असा मिलाफ घडला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लोकप्रशासन हा ऐच्छिक विषय १९८७ मध्ये आला. पण परीक्षेस बसण्यास कोणत्याही शाखेची पदवी पुरते. त्यामुळे धोरणविषयक पदव्युत्तर पदवी घेतलेले अनेक तरुण संशोधनसंस्था, स्वयंसेवी संस्था व सल्लागार कंपन्यांकडे वळतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने सहसचिवपदांसाठी बाहेरील तज्ज्ञांकडून थेट अर्ज मागविले आणि पुढील वर्षी नऊ जणांची निवड झाली. २०२४ मधील अशी एक जाहिरात मात्र आरक्षणाच्या प्रश्नावरून मागे घ्यावी लागली. अलीकडे मसुरीच्या अकादमीतील प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची लोकव्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी देण्याचीही व्यवस्था झाली असून, तेथे नेमणूक आधी व पदवी मागाहून मिळते.