पवनीचे तीन ऋतू आणि छताचा पंखा

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीत उन्हाळा तीव्र आणि कोरडा, पावसाळा दमट, तर हिवाळ्यातील रात्री चांगल्याच गार असतात. धानाच्या बांध्यांत साचलेले पाणी, नदी आणि तालुक्यातच असलेला गोसीखुर्द धरणाचा जलसाठा यांमुळे पावसाळ्यात हवेतील ओलावा सहजासहजी हटत नाही. भंडारा जिल्ह्यातील बहुतेक घरांत उन्हाळ्यापुरता कूलर लागतो आणि पाऊस सुरू होताच तो बाजूला ठेवला जातो. छताचा पंखा मात्र वर्षातील आठ-नऊ महिने फिरत असतो. त्यामुळे घरातील सुख आणि विजेचे देयक या दोन्ही गोष्टी या साध्या उपकरणाच्या वापरावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

पंखा नेमके काय करतो?

पंखा खोलीतील हवा थंड करीत नाही. तो माणसाला थंडावा देतो. त्वचेलगतची उबदार, ओलसर हवा दूर सारली की घाम लवकर वाळतो आणि वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पंख्याचा उपयोग त्याच्या झोताखाली बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसालाच होतो. दुसरी, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा काहीच साधत नाही. त्याने घेतलेली वीज अखेर उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत मिसळते. ‘आल्यावर खोली गार मिळावी’ म्हणून पंखा सुरू ठेवून बाहेर जाणे हा निव्वळ अपव्यय होय.

उन्हाळा : पंख्याची मर्यादा

माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून अधिक तापली की पंख्याचा वारा शरीराला उष्णता देऊ लागतो आणि थंडाव्याचा सारा भार घामावर येतो. हवेचे तापमान ४० अंशांच्या खाली असेल तेव्हाच विजेचा पंखा वापरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यापुढे केवळ पंख्यावर विसंबणे धोक्याचे ठरू शकते. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे लक्षात घेता हा इशारा येथे महत्त्वाचा आहे. वृद्धांना घाम कमी येतो, म्हणून त्यांना आणि लहान मुलांना बंद, तापलेल्या खोलीत नुसत्या पंख्याखाली ठेवू नये. अंगावर ओला पंचा ठेवणे, वारंवार पाणी पिणे आणि दुपारी घरातील सर्वांत गार खोलीत राहणे आवश्यक आहे.

कोरड्या हवेत कूलर उत्तम काम देतो. मात्र त्याची ओली हवा बाहेर पडण्यासाठी समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात दिवसभर तापलेले छत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते आणि छताखाली साचलेली गरम हवा पंखा खाली आणतो. अशा वेळी कूलरसोबत छताचा पंखा मंद गतीवर ठेवावा किंवा बंद करावा. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर दिल्यास स्लॅब कमी तापतो. जुन्या कवेलूच्या घरांत उंच छपरामुळे हा त्रास तुलनेने कमी असतो. बाहेरची हवा गार झाल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावल्यास खोली लवकर निवते.

पावसाळा आणि ऑक्टोबर

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी ठरतो, कारण आधीच दमट असलेल्या हवेत तो आणखी ओलावा सोडतो. तापमान तीस अंशांच्या आसपास आणि हवा दमट असताना पंखाच खरा सोबती असतो. घाम वाळण्यास त्याची मदत होते, घरात वाळत घातलेले कपडे लवकर सुकतात आणि वाऱ्यामुळे डासांना अंगावर बसणे कठीण जाते. अर्थात मच्छरदाणीला तो पर्याय नव्हे. ज्या घरांत वातानुकूलन यंत्र आहे, तेथे ते २६ ते २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद चालवावा. यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

हिवाळा

थंड देशांत पंखा उलटा फिरवून छताजवळची गरम हवा भिंतींच्या कडेने खाली आणतात. ही युक्ती खोली तापविण्याची सोय असलेल्या घरांसाठी आहे. पवनीतील घरांत हीटर क्वचितच असतो, त्यामुळे केवळ ‘रिव्हर्स’ सोयीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. हिवाळ्यात पंखा बंद ठेवून त्याची देखभाल उरकणे अधिक शहाणपणाचे.

विजेचा हिशेब

१००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. जुना पंखा पूर्ण गतीवर साधारण ७५ वॉट घेतो. तो रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिट लागतात. बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट घेतो. त्याला तेवढ्याच वापरासाठी ११ युनिटांहून कमी वीज पुरते. दोन पंखे वर्षातून नऊ महिने असे चालले, तर वर्षाकाठी सुमारे २९० युनिटांची बचत होते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने वरच्या टप्प्यातील युनिट वाचल्यास लाभ अधिक होतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही असा पंखा जास्त वेळ टिकतो.

नवा पंखा घेण्याची ऐपत नसेल तरी बचत शक्य आहे. रिकाम्या खोलीत रोज चार तास फिरणारा जुना पंखा बंद केल्यास महिन्याला ९ युनिट वाचतात आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. जुन्या पेटीवजा रेग्युलेटरमध्ये गती कमी केली तरी काही वीज उष्णतेत वाया जाते. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा.

निवड, बसवणी आणि देखभाल

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन बंधनकारक आहे. लेबलवर केवळ तारे न पाहता ‘सर्व्हिस व्हॅल्यू’ही पाहावी. प्रत्येक वॉटमागे पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, हे त्यातून कळते. आकडा जितका मोठा तितका पंखा चांगला. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला १२०० मिलिमीटरचा पंखा पुरेसा होतो. पाती जमिनीपासून किमान आठ फूट उंच आणि छतापासून साधारण एक फूट खाली असावीत. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरमधून जोडू नये.

पात्यांवर धूळ बसली की वारा कमी मिळतो आणि पंखा हेलकावे घेतो. मेन स्विच बंद करून महिन्यातून एकदा पाती पुसावीत. पंखा हळू फिरत असेल तर अनेकदा दोष कपॅसिटरचा असतो आणि तो अल्प खर्चात बदलता येतो. होळीपूर्वी छताचा हूक, नटबोल्ट आणि खिळपिन तपासून घ्यावी. कवेलूच्या घरात पंखा लाकडी तुळईला टांगलेला असल्यास वाळवीची खात्री करूनच तो सुरू करावा.