नाग गिळला तर बरं

सापशिडीत साप चुकवायचा असतो, हे आमच्या वसमतच्या घरातल्या लेकरांना फार उशिरा कळलं. आमच्या पटावर नाग एकच होता, आणि त्याच्या तोंडी पडावं म्हणून सगळे चिंचोक्यांवर फुंकर मारायचे.

तो पट औंढ्याचा होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही औंढा नागनाथला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी आजीनं ओसरीच्या शहाबादी फरशीवर कोळशानं रेघा ओढल्या. आडवी पाच, उभी पाच घरं, मधलं घर पिंडीचं. सोंगट्या म्हणजे हळकुंडाचे तुकडे. वसमतच्या घरात त्यांना काय तोटा! फासे म्हणून फोडलेले चार चिंचोके. चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ. इथवर सगळं नेहमीचं होतं. पण औंढ्याचा देव खाली, तळघरात. गाभाऱ्यातल्या अरुंद वाटेनं, पाठ वाकवून, डोकं सांभाळत पायऱ्या उतरायच्या, तेव्हा कुठं पिंड दिसते. मग तिथं नेणारी शिडी वर कशी काढायची? आजीनं नाग काढला आणि त्याचं शेपूट थेट पिंडीच्या घरात सोडलं. धाकटी बहीण भिऊन रडायला लागली, तशी आजी म्हणाली, "कामून रडायलीस? नाग म्हणजे देवाचा दरवान. गिळू दे की."

जुन्या मोक्षपटावर साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे पुण्य. महाराष्ट्रात तो पट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. पुढे इंग्रजांनी तो विलायतेला नेला, हळूहळू पाप-पुण्य पुसलं गेलं आणि लेकरांचा खेळ उरला. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं औंढ्यात पाहिलं ते काढलं.

बाकीची घरं तिनं गोष्टींनी भरली. एक घर कच्च्या मडक्याचं. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं सगळ्यांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. त्या घरात पडलं की टपली खाऊन पहिल्या घरात परत. पुढचं घर विसोबा खेचरांचं. गुरू शोधत नामदेव औंढ्याला आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथंही पिंड. एरवी पटाला पाय लागला तर पाठीत धपाटा बसायचा. पण विसोबाच्या घरात सोंगटी असेपर्यंत पटावर पाय पसरून बसायची मुभा होती. त्या घरासाठी आम्ही भांडायचो.

देवळाच्या भिंतीवर रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर कोरलेला आहे. ती का रुसली? आजीचं उत्तर तयार होतं : सारीपाटात शंकर रडीचा डाव खेळला. तिच्या घरात पडलेल्यानं तोंड फिरवून बसायचं, कुणी शेंगदाणे देऊन समजूत काढली तरच पुन्हा खेळायचं. मोठेपणी वेरूळच्या एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांत शिव-पार्वती खरोखर सारीपाट खेळताना दिसले, खाली नंदीची खोडी काढणारे गण. आजी वेरूळला कधीच गेली नव्हती.

सगळ्यात मोठं घर नामदेवांचं. नरसी, त्यांचं परंपरेनं मानलेलं जन्मगाव, आज आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. आमच्या लहानपणी सगळं परभणीच होतं. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे हाकललं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. म्हणून औंढ्याला नंदी मागे राहिला, असं सांगतात. ही केवळ ओसरीवरची गोष्ट नव्हे. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावाची पदं आहेत, आजच्या गुरू ग्रंथसाहिबात ती ६१ मोजतात, आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांतही आहे. आमच्या ओसरीवरची गोष्ट पंजाबात चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली होती.

आमच्या आजोबांना, आबांना, मात्र ती पटायची नाही. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, पोलीस अ‍ॅक्शन पाहिलेले. राज्यं फिरतात, दगड फिरत नाहीत, हे त्यांचं ठाम मत. देवळाचं खालचं काम यादवांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. वरचं शिखर पांढरं, नंतरचं. त्याचं श्रेय अहिल्याबाईंना देतात. "पुन्हा बांधताना दार बदललं असंल," आबा म्हणायचे. माझ्याही मनात हेच जास्त बसतं, पण आजीसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

फरशीवरचा पट फिरवता येत नाही, म्हणून आजीचा नियम असा : नामदेवांच्या घरात कुणी पडलं की समोरासमोरच्यांनी जागा बदलायच्या, सोंगट्या तिथंच ठेवून. एकदा आबांच्या तीन सोंगट्या पिंडीत आणि चौथी नागाच्या तोंडापासून दोन घरांवर. समोर बहीण, तिची एक सोंगटी कशीबशी बाहेर, बाकी पहिल्याच घरात. तिनं चिंचोके टाकले आणि ती बरोबर नामदेवांच्या घरात पडली.

आबा उठेनात. "देऊळ फिरत नसतंय," ते म्हणाले.

"देऊळ कोण फिरवायलंय? तुम्ही फिरा," आजी म्हणाली.

आबा धोतर सावरत उठले, बहिणीच्या सोंगट्यांमागे जाऊन बसले, पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पटावर नामदेवाचं अजून एक घर पाहिजे होतं."