संगणनात्मक विचार आणि दिल्लीची वर्गखोली : एक भाषिक पूर्वेतिहास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली शालेय शिक्षणात संगणनात्मक विचारावर भर दिला. या विचाराचा भारतीय शाळांतील इतिहास बहुधा यंत्रापासून सांगितला जातो. १९८४-८५ मधील ‘क्लास’ प्रकल्प आणि त्यातून निवडक शाळांत पोहोचलेले ‘बीबीसी मायक्रो’ संगणक हा त्याचा आरंभ मानतात. वस्तुतः प्रश्नाची फोड करून तो निश्चित पायऱ्यांच्या रीतीत बसविणे, हे या विचाराचे मर्म होय. अशी रीत कोणत्या भाषेत शिकवावी, हा प्रश्न दिल्लीत यंत्राच्या पुष्कळ आधी उपस्थित झाला होता.

मास्टर रामचंद्र (१८२१-१८८०) दिल्ली कॉलेजात युरोपीय विज्ञान उर्दूतून शिकवीत. महत्तम व लघुत्तम मूल्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८५० साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. कलनशास्त्राचा आधार न घेता, केवळ बीजगणिताने ही मूल्ये काढण्याची रीत त्यात आहे. १० या संख्येचे असे दोन भाग करावयाचे की त्यांचा गुणाकार महत्तम व्हावा, असे समजू. गुणाकारास ‘र’ मानून वर्गसमीकरण सोडविले की वर्गमुळाच्या चिन्हाखाली ‘२५ उणे र’ उरते. उत्तर वास्तव राहावयाचे तर ‘र’ २५ हून अधिक असू शकत नाही. भाग अर्थातच ५ आणि ५. विद्यार्थ्यास वर्गसमीकरण येत असले म्हणजे पुरे.

लंडनचे गणिती ऑगस्टस द मॉर्गन यांनी १८५९ साली हा ग्रंथ प्रस्तावनेसह तेथे पुन्हा प्रकाशित करविला. ग्रीकांची भूमिती आणि भारतीयांचे बीजगणित या द्वंद्वात त्यांनी तो वाचला. हे द्वंद्व ढोबळ आहे, आणि त्यात वर्गातली उर्दू तर दिसतच नाही. संस्कृत बीजगणिताची परंपरा, उर्दू अध्यापन आणि इंग्रजी ग्रंथ अशा तीन भाषांतून ही रीत गेली आहे. तौलनिक अभ्यासकाचे काम नेमके येथे सुरू होते.

त्या संस्कृत परंपरेचे एक स्थान महाराष्ट्रात आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे चाळीसगावनजीक पाटण येथील तेराव्या शतकारंभीचा शिलालेख सांगतो. विद्वानांचा गौरव त्यात संस्कृतात आहे, मठास द्यावयाच्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत. सिद्धांत ग्रंथभाषेत आणि हिशेब लोकभाषेत, ही विभागणी रामचंद्रांनी वर्गात मोडली. ग्रंथ लिहिताना मात्र त्यांना इंग्रजीच स्वीकारावी लागली. ‘बीबीसी मायक्रो’वरील बेसिक भाषेच्या आज्ञाही इंग्रजी शब्दांतच होत्या.