एकटी पास, रांगेत नापास

दिल्लीच्या द्वारकेत राहून गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते: टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. मग वाद पेटतो. जेयुनिट घ्यायला हवं होतं की टेस्टएनजी? पायथनचं घरचं युनिटटेस्ट बरं की पायटेस्ट? ज्याच्या आधीच्या कंपनीत जे होतं, तेच त्याला ग्रेट वाटतं. पण या फ्रेमवर्कांचं कूळ तपासलं तर त्यांच्यातलं जुनं भांडण एकाच गोष्टीवरून चाललेलं दिसतं. एका टेस्टने वापरलेली वस्तू दुसरीला द्यायची की नाही?

मूळ पुरुष केंट बेक. त्यांचे वडील प्रोग्रामर होते. लहानपणी घरातल्या एका पुस्तकात बेकनी एक पद्धत वाचली होती: इनपुटची टेप घ्यायची, उत्तराची टेप कशी यायला हवी ते आधी स्वतः टाइप करून ठेवायचं आणि दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत प्रोग्राम सुधारत राहायचं. ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. सीबीएसईचं मुख्यालय आता द्वारकेच्याच सेक्टर 23 मध्ये आहे आणि बोर्डाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन शिकवतात. तिथे मात्र मुलं आधी प्रोग्राम चालवतात, मग आलेलं उत्तर नजरेने बघतात आणि प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये चिकटवतात. उत्तर आधी लिहून ठेवायची सवय शाळेत लागली असती, तर पुढच्या नोकरीत टेस्टिंगचा एवढा बाऊ झाला नसता, असं मला वाटतं.

1994 मध्ये बेकनी स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्टची एक छोटी व्यवस्था लेख लिहून मांडली. तीच पुढे एसयुनिट. त्यांचा भर सोपा होता: टेस्ट त्याच भाषेत लिहा, स्क्रीनवरची बटणं दाबणाऱ्या स्क्रिप्टच्या नादी लागू नका. प्रत्येक टेस्टआधी सामान मांडायचं, टेस्ट चालवायची, मग सामान आवरायचं.

1997 मध्ये झुरिचहून अटलांटाला परिषदेसाठी जाताना बेक आणि एरिक गामा यांनी विमानातच शेजारी बसून हीच कल्पना जावात उतरवली. त्यातून जेयुनिट जन्मलं. गामा म्हणजे ‘डिझाइन पॅटर्न्स’ या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. पुढे एक्लिप्स या जावा एडिटरच्या उभारणीतही तेच होते. एक्लिप्सबरोबर जेयुनिट आयतंच येऊ लागलं. हजारो जावा प्रोग्रामरांनी ते कधी निवडलंच नाही, एडिटरसोबत ते पदरात पडलं.

जेयुनिटमध्ये एक बारीक निर्णय होता. एका क्लासमध्ये दहा टेस्ट असतील तर त्या क्लासचे दहा वेगवेगळे ऑब्जेक्ट बनतात, प्रत्येक टेस्टला स्वतःचा. जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला धुतलेलं ताट, कुणाच्या ताटात कुणाचं उष्टं नाही. पहिल्या टेस्टने यादीत तीन नावं घातली तरी दुसरीला यादी रिकामीच मिळते.

हे सोवळं महागात पडू लागलं, कारण लोक जेयुनिटवर युनिट टेस्टपेक्षा मोठी कामं लादू लागले. डेटाबेसचं कनेक्शन दर टेस्टला नव्याने उघडायचं? मग त्यांनी सगळ्या ऑब्जेक्टना सामाईक अशा स्टॅटिक व्हेरिएबलची चोरवाट काढली. सेड्रिक ब्यूस्ट यांना ऑब्जेक्ट दर वेळी नव्याने बनणं मुळातच पटत नव्हतं. 2004 मध्ये त्यांनी टेस्टएनजी आणलं, त्यात क्लासच्या सगळ्या टेस्ट एकच ऑब्जेक्ट वापरतात. जाता जाता त्यांनी तुलनेतली बाजूही उलटवली. जेयुनिटमध्ये अपेक्षित उत्तर आधी आणि आलेलं नंतर, टेस्टएनजीत आलेलं आधी. एकाची सवय घेऊन दुसरीकडे गेलेला माणूस फेलचा मेसेज वाचून भलतीकडेच चूक शोधत बसतो.

डॉटनेटच्या घराण्यात तर पश्चात्तापच नोंदला गेला आहे. जेयुनिटवरून घेतलेल्या एनयुनिटची दुसरी आवृत्ती 2002 मध्ये आली, तीत एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना वाटून दिला होता. ती घडवणाऱ्यांपैकी जेम्स न्यूकर्क यांनी नंतर ही मोठी घोडचूक होती असं उघडपणे लिहिलं, आणि ब्रॅड विल्सन यांच्याबरोबर 2007 मध्ये एक्सयुनिट डॉट नेट काढलं. तिथे प्रत्येक टेस्टला पुन्हा नवा ऑब्जेक्ट मिळाला. सामान मांडण्या-आवरण्याच्या वेगळ्या मेथडही त्यांनी काढून टाकल्या, ते काम कन्स्ट्रक्टर आणि डिस्पोज करतात. गंमत म्हणजे टेस्टवर खूण लावायची एनयुनिटची रीत मोठ्या घराने उचलली. 2006 च्या जेयुनिट 4 मध्ये अ‍ॅनोटेशनच्या रूपात ती आली, बापाने पोराकडून शिकावं तशी.

पायथनच्या शाखेत स्टीव्ह पर्सेल यांनी जेयुनिटवरून घेतलेलं युनिटटेस्ट 2001 च्या पायथन 2.1 मध्ये शिरलं. मेथडची नावं जावाच्या वळणाची राहिली, पायथनच्या शिरस्त्याप्रमाणे मध्ये अंडरस्कोर नाही. पायटेस्टने क्लासची सक्तीच काढली, साधं असर्ट लिहा म्हटलं. 2012 मधल्या 2.3 आवृत्तीत टेस्टचं सामान मांडून देणारे फिक्श्चर आले. आता सामान कुठवर वाटून घ्यायचं ते लिहिणारा ठरवतो: एका टेस्टपुरतं, एका फाइलपुरतं की सगळ्या सत्रासाठी. काही सांगितलं नाही तर दर टेस्टला नवं. भांडणाचा निकाल फ्रेमवर्कने न देता तुमच्या हाती सोपवणं हा मला आजवरचा सर्वांत समंजस तोडगा वाटतो.

द्वारकेतल्या त्या तक्रारीची मोठी आवृत्ती 2011 नंतर जगभर झाली. जावा 7 मध्ये टेस्टच्या मेथड कोणत्या क्रमाने मिळतील याचा भरवसा उरला नाही. तोवर त्या बहुधा लिहिलेल्या क्रमाने चालत, आणि मागच्या टेस्टने सोडलेल्या सामानावर पुढची टेस्ट पास होई. ती लबाडी एका झटक्यात उघडी पडली. 2012 च्या जेयुनिट 4.11 ने क्रम पुन्हा ठरावीक केला, पण तो लिहिलेला क्रम असेल अशी हमी दिली नाही. तेव्हा नवं फ्रेमवर्क घ्यायची चर्चा सुरू होण्याआधी हातातल्या टेस्ट उलटसुलट क्रमाने चालवून बघाव्यात. ज्या पडतील त्यांची यादी टीमसमोर ठेवली की त्यांतल्या कितींचं दुखणं फ्रेमवर्क बदलून जाणार आणि कितींचं स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये दडलं आहे, ते त्याच बैठकीत कळतं.