वज्रलेपापासून प्रथिनापर्यंत

वेरूळचें कैलास लेणें पाहून परतणारा प्रवासी बहुधा एकच विस्मय मनांत घेऊन परततो. एवढें मोठें मंदिर, आणि त्यांत सांधा म्हणून नाहीं! राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दींत, आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत, या कामाचा मोठा भाग झाला असें इतिहासकार मानतात. डोंगर वरून खालीं कोरीत आणला. दगडावर दगड रचून मंदिर उभें करावें लागलें नाहीं. पण याच मंदिराच्या मंडपाच्या छताकडे, किंवा इंद्रसभा म्हणून प्रसिद्ध असलेल्या बत्तिसाव्या लेण्याच्या छताकडे, कोणी क्षणभर मान वर करून पाहिलें, तर निराळाच विचार सुचतो. तेथें जुन्या रंगांच्या खुणा आहेत. शिल्पकारानें सांधा टाळला. चित्रकाराला तो टाळतां येणें शक्य नव्हतें. दगडाला गिलावा, गिलाव्याला रंग आणि रंगाच्या कणाला शेजारचा कण धरून राहिला, तरच चित्र टिकावयाचें.

या धरून राहण्याचा विचार आमच्या कारागिरांनीं पुष्कळ केला होता. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हें मॅनेजर सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत 'बृहत्संहिते'मध्यें वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यांतील एका लेपांत जनावरांचीं शिंगें व कातडीं घालावयास सांगितलें आहे. आपल्या सुतारांच्या भांड्यांत पिढ्यान्‌पिढ्या कढत आलेला सरस याच कुळांतला. कातडें शिजवावें, गाळावें, आटवावें आणि लांकडाला लांकूड चिकटवावें, ही कृति सर्वांस ठाऊक होती. परंतु त्यांत चिकटपणा येतो कोठून, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. त्या शोधांत आपल्या देशाचा जो वाटा आहे, तो आपल्या सुशिक्षित घरांतून फारसा सांगितला जात नाहीं. म्हणून येथें सांगावासा वाटतो.

कातडें, कंडरा, हाडांतील तंतू हीं सारीं मुख्यत्वें कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचीं बनलेलीं असतात. प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची सांखळी. या अम्लांचे मुख्य प्रकार वीस. दोन अम्लें जोडलीं जातांना पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो, म्हणून सांखळींत उरलेल्या प्रत्येक दुव्यास शास्त्रज्ञ 'अवशेष' म्हणतात. सांखळी लांबच लांब असली तरी ती सरळ पडून राहत नाहीं. उपरण्याची घडी घातली म्हणजे एका टोकाचा कांठ दुसऱ्या टोकाच्या कांठाला येऊन टेकतो. त्याप्रमाणें सांखळींत एकमेकांपासून शेंकडों दुवे दूर असलेले अवशेष घडीमुळें शेजारी होतात. कोणता अवशेष कोणाला येऊन टेकला आहे, याची यादी हातीं आली, तर घडी कशी घातली गेली हें पुष्कळसें उमजतें. प्रथिनशास्त्रांत या संपर्कांना एवढें महत्त्व आहे, तें यामुळें.

१९५२ सालीं गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन हे अवघ्या तीस वर्षांचे गृहस्थ मद्रास विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. इंग्लंडहून आलेले शास्त्रज्ञ बर्नाल यांनीं त्यांना सुचविलें, कीं कोलॅजेनचें कोडें अजून कोणाला नीट सुटलेलें नाहीं. मद्रासला चर्मसंशोधनाची केंद्रीय संस्था होती. तेथून नमुने मिळाले. पुढें ऑस्ट्रेलियांतून कांगारूच्या शेपटींतील कंडराही मागविण्यांत आल्या. त्यांतून क्ष-किरण पाठवून घेतलेल्या चित्रांवरून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनीं १९५४ सालीं असें मांडलें, कीं कोलॅजेन ही तीन सांखळ्यांची जुडी आहे. पुढच्याच वर्षीं त्यांनीं त्यांत सुधारणा केली : तिन्ही सांखळ्या एकमेकींभोंवतीं वेढे घेतात, अगदीं तीन पेडांच्या वेणीसारख्या.

या वेणीच्या आंतल्या बाजूला जागा फार थोडी. म्हणून प्रत्येक सांखळींत दर तिसरा अवशेष ग्लायसीनचा, म्हणजे सर्वांत लहान अम्लाचा, असावा लागतो. त्याहून मोठा तेथें मावत नाहीं. ही नुसती कागदावरची गोष्ट नव्हे. जन्मतः एखाद्या ग्लायसीनच्या जागीं दुसरें मोठें अम्ल आलें, तर वेणी नीट वळली जात नाहीं, आणि अशा कित्येक मुलांचीं हाडें किरकोळ धक्क्यानेंही मोडतात. एका अवशेषाची शेजाऱ्याशीं झालेली अडचण एका घराला जन्मभर पुरते! सरसाचें रहस्यही येथेंच आहे. कातडें शिजलें म्हणजे वेणीचे पेड सुटतात. द्रव निवाला म्हणजे ते जागोजागीं पुन्हां एकमेकांत गुंततात, आणि वाळतांना दोन्ही पृष्ठांना घट्ट धरून बसतात.

पण रामचंद्रन यांना या शोधाचा आनंद फार दिवस निर्वेध भोगतां आला नाहीं. १९५५ सालींच केंब्रिजच्या फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनीं आपली निराळी रचना प्रसिद्ध केली. वेढे घेणाऱ्या तीन सांखळ्यांची कल्पना त्यांतही होतीच. परंतु मद्रासच्या रचनेंत कांहीं अणु एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत, कीं तसें घडणें शक्य नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. दर तीन अवशेषांमागें हायड्रोजनचे दोन बंध कीं एक, हाही वाद होता, आणि त्यांत पुढील पुरावा बव्हंशीं रिच-क्रिक यांच्याच बाजूनें गेला. हें मान्य केल्यानें रामचंद्रन यांचें मोठेपण उणावत नाहीं.

अशा प्रसंगीं माणूस एकतर चिडतो, नाहींतर विषय सोडून देतो. रामचंद्रन यांनीं तिसरा मार्ग धरला. 'अणु फार जवळ आले' असें म्हणणाऱ्यांनीं जवळिकीची मर्यादा कोठून आणली? ती मोजली पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. ज्या ज्या लहान संयुगांच्या स्फटिकांची रचना तोंपर्यंत प्रसिद्ध झाली होती, त्यांतून परस्परांशीं न जोडलेले अणु प्रत्यक्षांत किती जवळ येतात, याचीं अंतरें त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोळा केलीं. आंगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटिवा भाग. कर्बाच्या अशा दोन अणूंमध्यें सामान्यतः ३.२ आंगस्ट्रॉम अंतर असावें, फार ओढाताण झाल्यास ३.० चालेल : अशा एकेक मर्यादा ठरल्या. मग प्रश्न उलटा टाकला. सांखळीच्या प्रत्येक दुव्यापाशीं दोन ठिकाणीं पीळ बसूं शकतो. त्या दोन कोनांच्या कोणकोणत्या जोड्यांत कोणताही अणु मर्यादा ओलांडीत नाहीं? उत्तर चौकोनी नकाशाच्या रूपानें आलें. रामचंद्रन, रामकृष्णन् आणि शशिशेखरन् यांनीं तो १९६३ सालीं प्रसिद्ध केला. नकाशाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग निषिद्ध ठरला! प्रथिनाला वाटेल तसा पीळ घेतां येत नाहीं; त्याची मोकळीक शेजाऱ्यांनींच आंखून दिलेली असते. जगांतील कोणत्याही प्रयोगशाळेंत नव्या प्रथिनाची आकृति ठरली, म्हणजे ती बरोबर कीं चूक हें पाहण्यासाठीं आजही हाच 'रामचंद्रन नकाशा' पुढें ठेवला जातो.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रांत आला आहे. १९७४ सालीं प्रथिनाच्या जोडाची सरासरी आकृति स्फटिकांच्या मोजमापांवरून ठरविणारा जो लेख प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत रामचंद्रन यांच्या बरोबरीनें डॉ. अशोक कोळस्कर यांचें नांव आहे. पुढें पुणें विद्यापीठांत त्यांनीं हीच दृष्टि रोगांच्या प्रश्नाकडे वळविली. रोगजंतूच्या प्रथिनाला आपल्या रक्तांतील प्रतिद्रव्यें नेमकीं कोठें पकडतात? १९९० सालीं कोळस्कर आणि त्यांचे एक सहकारी यांनीं, केवळ अवशेषांच्या क्रमावरून अशा जागा सुमारें ७५ टक्के अचूक सांगणारी रीत दिली. परंतु प्रतिद्रव्य क्रम वाचीत नाहीं. तें घडीचा पृष्ठभाग चांचपतें. म्हणून १९९९ सालीं कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनीं जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरणावरील प्रथिनाची आकृति गणितानें रचली, आणि क्रमांत दूर पण अवकाशांत जवळ असलेल्या अवशेषांच्या जागा तींत दाखविल्या. २००५ सालीं पुण्याहूनच अशा जागा शोधणारी गणनपद्धति सर्व जगास खुली झाली. लस कोठें लागू पडावी, याचा विचार करणाऱ्यास ही माहिती मोलाची असते.

इतरत्रही हा विचार वाढत गेला. पिढ्यान्‌पिढ्या एक अवशेष बदलतांना दुसराही बरोबर बदलत गेलेला दिसला, तर ते घडींत शेजारी असावेत, हें अनुमान त्यांतलेंच. अशा अनुमानांचा उपयोग करून नुसत्या क्रमावरून घडी सांगणारें यंत्र सिद्ध झालें, आणि त्याबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ सालीं रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. रामचंद्रन यांना तें पारितोषिक कधींच मिळालें नाहीं. ७ एप्रिल २००१ रोजीं ते चेन्नई येथें निवर्तले.

आमच्या मतें पारितोषिकाची खंत फार वेळ करीत बसूं नये. या कथेंत घेण्यासारखें दुसरेंच आहे. एका तरुण प्राध्यापकाच्या कामांत परक्यांनीं दोष दाखविला. दोष कांहीं अंशीं खरा होता. आणि त्यानें तो दोषच मापानें मोजावयास घेतला. कोलॅजेनच्या वादांत त्याला जें पूर्ण हातीं लागलें नाहीं, त्याहून मोठें असें त्या मोजणींतून मिळालें. आपल्याकडे टीकेला उत्तर बहुधा टीकेनेंच दिलें जातें. मापानें दिलेलें उत्तर असें क्वचित् पाहावयास सांपडतें. वेरूळच्या छताखालीं उभें राहिलें असतां तो रंग अजून दगडाला धरून आहे याचें कौतुक वाटतेंच. पण तो धरून कां आहे, हें विचारणाऱ्यांचेंही कौतुक त्याबरोबर वाटावें.