केतलेचं सूत्र आणि माझा लाल शेरा

परवा ऑफिसात हेल्थ चेकअप झालं. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. फक्त बीएमआय ३१, म्हणून रिपोर्टवर लाल शेरा: 'लठ्ठ'! उलट आमचे बाबा काडीपैलवान, पण त्यांना चाळिशीतच मधुमेह. म्हटलं, हे सूत्र काढलं तरी कोणी?

तर मंडळी, काढलं आदोल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने, १८३२ मध्ये. वजन भागिले उंचीचा वर्ग. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, रोगी-निरोगी ठरवायचं नव्हतंच. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीजने त्याला बीएमआय हे नाव दिलं. १९९८ मध्ये अमेरिकेने अतिवजनाची रेघ सत्तावीसच्या वरून २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक एका रात्रीत 'जाडे' झाले!

२००४ मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. यडकिन यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! बाबांचं कोडं तिथे थोडं उलगडलं.

आणि माझं? २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच आयोगाने लठ्ठपणाचे दोन प्रकार केले: अवयवांचं काम बिघडलेला आणि अजून न बिघडलेला. मी दुसऱ्यात. तो 'अजून' तेवढा टोचतो.

असो. सोमवारपासून लिफ्ट बंद.