सातारा सापडतो, सांगली बुडते : मराठीतल्या शोधयंत्रांचा इतिहास

व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला फोन करून विचारलं, "इतिहासाच्या मालेत इंटरनेटच्या शोधयंत्रांचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या गोष्टी सुरू झाल्या, गाजल्या, बंद पडल्या आणि लोकांच्या विस्मरणातही गेल्या, त्यांना इतिहास नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? 'गुरुजी' नावाचं एक शोधयंत्र होतं. २००६ साली बंगळूरला सुरू झालं, देशी गूगल म्हणून वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. इथं कोणाला आठवतंय? हात वर करा. बघा, एकही नाही. आणि ही गोष्ट फक्त वीस वर्षांपूर्वीची आहे.

मी तेव्हा साताऱ्यात एका नेट कॅफेत ताशी पैसे मोजून बसायचो. मोडी कागदांचा नाद नुकता लागला होता. शोधाच्या चौकटीत मराठीत 'सातारा' असं मोठ्या कष्टानं टाइप केलं आणि जी काही मोजकी पानं आली त्यात आमच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. तेच इंग्रजीत टाइप केलं तर हॉटेलांच्या जाहिराती. मला वाटलं, साताऱ्याबद्दल मराठीत कोणी लिहिलेलंच नाही. हा निष्कर्ष किती चुकीचा होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्या चुकीबद्दल आहे. न सापडणं आणि नसणं, या दोन गोष्टींतला फरक यंत्र सांगत नाही.

काय झालं होतं? त्या काळात मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर होती, रोज येत होती. पण प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. म्हणजे पडद्यावर आपल्याला 'सातारा' दिसायचं, पण आत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असायची. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला की तीच खिचडी पडद्यावर यायची, आठवतं ना? युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण आपल्या छापखान्यांची आणि वर्तमानपत्रांची सवय मोडायला पंधरा-वीस वर्षं गेली. शोधयंत्र बिचारं युनिकोडमधला 'सातारा' हुडकत होतं आणि सगळा सातारा खिचडीत.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या मंडळींनी 'वेबखोज' नावाचं शोधयंत्र केलं होतं, दहा भारतीय भाषांसाठी. त्यांचं मुख्य काम काय, तर हे निरनिराळे फॉन्ट ओळखायचे, उलगडायचे आणि मग शोध घ्यायचा. २००६ साली त्यांनी जो निबंध मांडला त्यात म्हटलं होतं की भारतीय भाषांतला ९५ टक्क्यांहून जास्त मजकूर वेगवेगळ्या संकेतांमुळे शोधताच येत नाही. म्हणजे शंभर पोती धान्य आहे आणि पंचाण्णव पोत्यांची तोंडं शिवलेली.

आता थोडं मागे जाऊ. इंटरनेटवरचं पहिलं शोधयंत्र म्हणतात ते 'आर्ची', १९९०, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात. ते फक्त फायलींची नावं शोधायचं. १९९४ ला याहू आलं. ते सुरुवातीला यंत्र नव्हतंच, माणसं बसून संकेतस्थळांची वर्गवारी करायची. आपल्याकडे मुंबईच्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डचं 'खोज' होतं, भारतीय संकेतस्थळांसाठी. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेनं इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेण्याचा करार केला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. दरम्यान १९९५ ला अल्टाव्हिस्टा आणि १९९८ ला गूगल आलं आणि हातानं वर्गवारी करणारे मागे पडले. हा भाग सगळ्यांना थोडाफार माहीत असतो, म्हणून मी त्यात रमत नाही.

मला रमायचंय ते वाईत.

इथून तासाभरावर असलेल्या वाईत मराठी विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. त्याआधी त्याच गावात प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश झाला, धर्मकोश सुरू झाला. वाईला आपण दक्षिण काशी म्हणतो ते घाटांमुळे. पण माझ्या मते ते मराठीतल्या शोधाचं गाव आहे. कारण कोश म्हणजे काय? ज्ञान तर आहेच, पण एखादी गोष्ट वाचक कुठल्या नावानं शोधायला येईल, याचा आधी केलेला विचारही आहे. क्षयाची माहिती 'क्षय' या नोंदीत द्यायची की 'श्वसन तंत्रा'त? दोन्हीकडे वाचक येणार. मग एका ठिकाणी मजकूर आणि दुसऱ्या ठिकाणी 'पहा'. कोशातला तो 'पहा' म्हणजे आजची लिंक, दुसरं काही नाही. फरक इतकाच की तो 'पहा' कोणीतरी विषय समजून घेऊन, हातानं लिहिलेला असतो.

डॉ. केतकरांना हीच अडचण आणखी मोठी आली होती. १९२० पासून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड निघाले, एकूण तेवीस. पण पहिले पाच खंड अकारविल्हे नव्हतेच. 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग' असे प्रस्तावनाखंड. आता वाचकाला यातली एखादी बारीक गोष्ट हवी असेल तर? म्हणून बावीसावा अख्खा खंड सूचीचा करावा लागला. लोक केतकरांचा उत्साह, त्यांचं कर्ज, दारोदार वर्गणीदार मिळवणं, याच्या गोष्टी सांगतात. सूचीखंडाचं कौतुक मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही. सूची करणाऱ्याला मराठीत प्रतिष्ठा नाही, हे आपलं जुनं दुखणं आहे. आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं केतकरांचा कोश युनिकोडमध्ये इंटरनेटवर आणला आहे. यशवंतराव आपल्या देवराष्ट्र्याचे, हे सांगलीकर मला विसरू देणार नाहीत.

तर आता मूळ मुद्दा. फॉन्टची अडचण सुटली, सगळे युनिकोडवर आले, मग मराठी शोध सुरळीत झाला का? नाही. कारण खरी गाठ भाषेतच आहे. तुम्ही शोधता 'सातारा'. पण मराठी माणूस वाक्यात 'सातारा' कितीदा लिहितो? तो साताऱ्याला जातो, साताऱ्याहून येतो, साताऱ्यातला पेढा खातो, सातारकरांशी भांडतो. गावाचं नाव विभक्तीत शिरलं की त्याचं रूप पालटतं, त्यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. इंग्रजीसाठी घडवलेल्या यंत्राला 'सातारा' आणि 'साताऱ्याला' हे दोन अनोळखी शब्द वाटतात.

त्यात आणखी एक गंमत. 'साताऱ्या' हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहितात. एक, खाली टिंब असलेला ऱ वापरून. दुसरा, साधा र, मग पाय मोडायचा, मग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आणि यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. तिसरा प्रकार, घाईत लोक रफार देऊन 'सातार्या' लिहितात तो. एका गावाची तीन गावं.

अशा वेळी आपल्याच भाषेसाठी खास शोधयंत्र हवं, असं वाटणं साहजिक आहे. तसा प्रयत्न झालाही. केंद्र सरकारच्या मदतीनं आयआयटी मुंबईच्या पुढाकारात अनेक संस्थांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला. विषय एकच, पर्यटन. तुम्ही मराठीत विचारा, ते मराठी पानं तर देईलच, शिवाय हिंदी आणि इंग्रजीतली पानंही शोधून देईल, अशी कल्पना. त्यातूनच 'संधान' हे शोधयंत्र झालं. मराठीबरोबर हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू. महाबळेश्वर, पाचगणी, कास असलेल्या जिल्ह्याला याहून सोयीचं यंत्र कुठलं? पण किती सातारकरांनी ते वापरलं? मला एकही भेटलेला नाही. विषय एकाच कप्प्यात ठेवला की काम नेटकं होतं, हे खरं. पण माणूस सकाळी कास शोधतो, दुपारी सातबारा आणि संध्याकाळी गुडघेदुखीवरचा उपाय. तो तीन यंत्रांकडे जात नाही.

तरी त्या काळातलं संशोधन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. २००८ साली मराठी, हिंदी आणि बंगालीसाठी शोधाची रीतसर परीक्षा घेण्याची सोय झाली, 'फायर' नावाच्या उपक्रमात. मराठीसाठी महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळच्या बातम्यांचा साठा वापरला. त्यावर सर्वांत मन लावून काम कोणी केलं? स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, डोलामिच आणि सावॉय. त्यांनी काय दाखवलं, तर शब्दाला चिकटलेले प्रत्यय कठोरपणे छाटून टाकले की शोधाची गुणवत्ता हिंदीत २८ टक्के, बंगालीत १८ टक्के आणि मराठीत ४२ टक्क्यांच्या आसपास सुधारते. मराठीत सर्वांत जास्त! म्हणजे छाटणी न करता शोधलं तर सर्वांत जास्त नुकसान आपलं होत होतं.

आणि पुढची गोष्ट मला फार आवडते. व्याकरण बिकरण बाजूला ठेवा, प्रत्येक शब्दाची फक्त पहिली चार अक्षरं ठेवा आणि बाकीचा शब्द टाकून द्या. हा अडाणी उपायही त्या कठोर छाटणीच्या जवळपास तितकाच चालला. मी हे वाचून वही घेऊन बसलो. संगणकाच्या हिशेबात काना, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हं धरायची. सातारा : स, काना, त, काना. उरलं 'साता'. साताऱ्याला, साताऱ्याहून, सातारकर, मघाचे ते तिन्ही प्रकारचे सातारे, सगळ्यांचं 'साता'. एका फटक्यात सगळा जिल्हा एकत्र. फार तर साता समुद्रापलीकडचा एखादा पाहुणा मध्येच घुसेल. मग सांगली घेतली. स, काना, अनुस्वार, ग. उरलं 'सांग'.

(हशा)

तुम्ही हसताय, पण बघा काय झालं. 'सांगितलं', 'सांगतो', 'सांगणार', 'सांगड' सगळे त्यात आले. वर्तमानपत्रात प्रत्येक मंत्री काही ना काही सांगत असतो. त्या पुरात सांगली बुडाली. आणि विशेष म्हणजे सांगलीला या उपायाची तशी गरजच नव्हती. सांगलीत, सांगलीला, सांगलीहून, गावाचं रूप बदलतच नाही. एकाला वाचवणारं औषध दुसऱ्याला मारतं. वाळव्याचं तर विचारूच नका. तालुका वाळवा आणि पापड वाळवा, यात फरक करायला यंत्राला वाक्य समजावं लागतं. पाटण म्हटलं की गुजरातचं आणि नेपाळचंही पाटण हजर. मराठीसाठी यंत्र घडवायचं तर हे गावागावानं बघावं लागतं, आणि ते काम फार थोड्यांनी केलं.

ज्यांनी केलं त्यांचं नाव घ्यायला हवं. 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर अनेक मराठी शब्दकोश एकाच चौकटीतून शोधता येतात. मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. एका शब्दासाठी कपाटातले पाच ग्रंथ काढायचो तिथे आता दोन मिनिटं. माझ्या मते आजचं सर्वांत उपयोगी मराठी शोधयंत्र हेच. याचं कारण त्याची चलाखी नव्हे. ज्यांच्या नोंदी पूर्वीच्या माणसांनी चोख लावून ठेवल्या, ते ग्रंथ त्याच्या पोटात आहेत. जुन्या सूचीकारांच्या खांद्यावर ते उभं आहे.

आता नवी यंत्रं. गेल्या तीन-चार वर्षांत आलेली ही यंत्रं पानांचे पत्ते देत नाहीत, सरळ उत्तर देतात. मराठी वाक्य त्यांना बरंच समजतं, तालुका आणि पापड यांत ती गोंधळत नाहीत, हे मान्य करायला हवं. सामान्यरूपाची अडचण यांनी जवळजवळ मिटवली. म्हणून मी एकाला परवा विचारलं, "रावबहादूर पारसनीसांचा ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह कुठे बघायला मिळेल?" सुरेख मराठीत उत्तर आलं : साताऱ्याच्या संग्रहालयात. वेळही सांगितली.

दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्याचे, संग्रह साताऱ्यातच जमवला, त्यासाठी संग्रहालयही इथेच झालं, इथवर सगळं बरोबर. पण १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. ही गोष्ट इथल्या अभ्यासकांना तोंडपाठ आहे. यंत्राला पारसनीस सापडले, सातारा सापडला, संग्रहालय सापडलं, ते त्यानं जोडलं. जुन्या शोधयंत्रानं निदान दहा पानं पुढ्यात टाकली असती, एखाद्यात डेक्कन कॉलेज दिसलं असतं. इथे एकच उत्तर आणि तेही ठाम. कोणी पोरगा मुंबईहून एसटीनं साताऱ्याला येईल, संग्रहालयाच्या दारात चौकशी करील आणि परत जाईल. वीस वर्षांपूर्वी मला वाटलं होतं की काहीच नाही. त्याला वाटेल की होतं, पण हरवलं.

आणि त्या संग्रहातल्या मोडी कागदांपर्यंत तर यातलं कुठलंच यंत्र अजून नीट पोचलेलं नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. पण जागा मिळाली म्हणजे कागद वाचले गेले असं नव्हे. घसटून लिहिलेला, शब्द न तोडलेला मोडी कागद आधी माणसानंच वाचावा लागतो आणि त्यावर हा कागद कोणाचा, कुठला, कशाबद्दल, एवढी एक ओळ लिहून ठेवावी लागते. ती ओळ लिहिणारे आपल्या दोन जिल्ह्यांत आज किती आहेत, त्यातले काही याच सभागृहात बसलेत, त्यांनाच विचारू. मी इथे थांबतो. प्रश्न घेऊ या. सांगलीकरांपासून सुरुवात करू, त्यांचे हात मघापासून वर आहेत.